पेटीतली मधली वाट

खट्!

विहिरीजवळच्या खोलीतून आवाज आला आणि आत्याबाईंनी हातातलं खुरपं वाफ्यात रोवलं. सकाळपासूनची ही पाचवी खेप. पाइपातली धार आधी बारीक झाली, मग दोन-चार उचक्या देऊन थांबली. तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी आलेलं पाणी जमिनीनं तिथल्या तिथे पिऊन टाकलं. चिखलसुद्धा मागे ठेवला नाही.

"बसली मेली परत!" आत्याबाई ओरडल्या. "अरे, बघ की जरा!"

त्यांचा मुलगा धावत खोलीत गेला. भिंतीवरच्या लोखंडी पेटीचं हिरवं बटण त्यानं अंगठ्यानं दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, शेवटी तळहातानं दाबलं. बटण आत बसेना. एकदा फणकारली की पाव तासभर ती पेटी कुणाचं ऐकत नसे. तोवर आत्याबाईंनी बादली उचलली आणि विहिरीवर रहाट धरला.

ऊन नुसतं भाजत होतं. माती उलट्या तव्यासारखी झाली होती, पाय ठेवला की टाच उचलून घ्यावी लागे. आणि अशा उन्हात बारा वाफे मिरचीची रोपं, बोटभर उंचीची. दहा दिवसांत ती उपटून लावणीला द्यायची होती. आजूबाजूच्या नऊ शेतांतले लोक याच रोपांच्या भरवशावर जमीन तयार करून बसले होते. बी सुनेनं निवडलेलं, वाफे सुनेनं पाडलेले. लग्न होऊन वर्ष झालेली सून, घरात एक शब्द बोलायची तर दोनदा इकडेतिकडे बघायची. आत्याबाईंचं तिच्याबद्दलचं मत तयार होतं: पोर गुणी आहे, पण जरा मंद आहे.

आता मोटारीचं सांगायचं, तर विहिरीवर पूर्वी तीन फेजची मोठी मोटार होती. ती मागच्या वर्षी जळली. पाणीही खाली गेलेलं, म्हणून मुलानं एक फेजवर चालणारी छोटी मोटार आणली. पण भिंतीवरचा जुना स्विच तीन फेजचा. दणकट लोखंडी पेटी, हिरवं बटण आत दाबलं की अडकून बसायचं, लाल दाबलं की सुटायचं. मोटारीवर जास्त भार आला तर आपोआप सुटून मोटार वाचवायची. एवढी चांगली वस्तू टाकायची कशाला, म्हणून मुलानं तीच ठेवली. जोडणी केली वायरमननं.

या वायरमनला सगळं गाव करंटभाऊ म्हणे. माणूस वाईट नव्हता, फक्त आपल्याला येत नाही असं जगात काही आहे, हे त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. शर्टाच्या खिशात दोन टेस्टर, एक चालणारा आणि एक शोभेचा. कुठल्याही पेटीचं झाकण काढण्याआधी तो एकदा खोकायचा. तो खोकला ऐकला की माणसं आपोआप दोन पावलं मागं सरत.

त्या दिवशीही तो आला, खोकला, झाकण काढलं.

आत वर तीन स्क्रू, खाली तीन स्क्रू. करंट वरून यायचा आणि खाली उतरून मोटारीकडे जायचा, अशा तीन वाटा. छोट्या मोटारीला ताराच दोन, एक फेजची आणि एक न्यूट्रलची. करंटभाऊनं एक तार डाव्या वाटेनं आणि एक उजव्या वाटेनं नेली होती. मधली वाट मोकळी.

त्यानं स्क्रू आवळले, फुंकर मारली, आतल्या छोट्या चकतीवरचा आकडा वाढवला आणि बटण दाबलं. मोटार सुरू झाली. करंटभाऊनं सगळ्यांकडे बघितलं. दहा मिनिटांनी पेटी म्हणाली, खट्.

"दम संपला हिचा," करंटभाऊ म्हणाला. "म्हातारी झाली पेटी."

"म्हातारं झालं म्हणजे काय लगेच फेकायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुमचं नाही म्हणत, आत्याबाई. पेटीचं म्हणतो. नवी घ्या. माझ्या मेहुण्याच्या दुकानात सांगून या, आठ दिवसांत येईल."

"आठ दिवस!" मुलगा म्हणाला. "तोवर रोपांचं काय?"

"बादलीनं घाला."

तेवढ्यात दाराशी उभी असलेली सून हळूच म्हणाली, "भाऊजी, ती मधली वाट रिकामी आहे ना, म्हणून तर नसेल?"

करंटभाऊ वळला. असा हसला, की शोभेचा टेस्टर खिशात हलला. "वहिनी, ही काय चूल आहे, मधे फट राहिली म्हणून धूर यायला? तारा दोन, वाटा दोन. तिसरीतनं काय पाणी सोडू?"

मुलगाही हसला. बायकोला हसावं म्हणून नव्हे. करंटभाऊ हसला की गाव हसायचं, तसा. आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पोरीचा चेहरा पडला असेल. पण पोरगी मान खाली घालून गालातल्या गालात हसत होती. हे मात्र आत्याबाईंना नवीन होतं.

दुपारी मुलगा पेटीचं सांगायला बाजारगावी गेला. सून घरातून आली ती हातात स्क्रू फिरवायचा पेचकस, टेस्टर, पक्कड आणि वीतभर तार घेऊन.

"आत्या, जरा दारात उभ्या राहाल? कुणी आलं तर खोका."

"मी कशाला खोकू? आणि तू काय करतेस? हात काढ तिथनं! करंट मारेल!"

"नाही मारणार." सुनेनं वरच्या बोर्डातले दोन्ही फ्यूज उपसले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. "आता हे माझ्यापाशी आहेत. कुणी चालू करू म्हटलं तरी होणार नाही." मग टेस्टर लावून तिनं पुन्हा एकदा खात्री केली आणि झाकण काढलं. न खोकता.

आत्याबाईंनी तरी एक वाळकं लाकूड हाताशी धरलं. पोर चिकटलीच तर ढकलायला.

"ह्या तीन वाटा दिसतात ना?" सून बोलत होती आणि हात चालत होते. "प्रत्येकीत आत एक पट्टी आहे. करंट गेला की पट्टी तापते आणि थोडी वाकते. तिघी सारख्या वाकल्या की पेटीला वाटतं, सगळं ठीक आहे. दोघी वाकल्या आणि एक ताठ राहिली, की पेटी म्हणते, एक फेज गेली वाटतं, मोटार जळणार. म्हणून ती बंद करते. तिचं काही चुकत नाही. तिला आपण एक फेजवर आलोय हे कुणी सांगितलंच नाही."

आत्याबाईंनी दारातूनच मान लांब करून पेटीत बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तीन जावा होतो तसं. दोघी राबायच्या आणि मधली ताठ बसून राहायची. रोज भांडणं."

"अगदी तसंच. मग मधलीलाही कामाला लावायचं." सुनेनं डाव्या वाटेच्या खालून मोटारीकडे जाणारी तार सोडवली. वीतभर तारेचं एक टोक तिथे बसवलं आणि दुसरं टोक वळवून मधल्या वाटेच्या वरच्या स्क्रूत घातलं. मोटारीची तार मधल्या वाटेच्या खाली आवळली. "आता फेज डावीतनं उतरेल, वळसा घालून परत वर येईल आणि मधलीतनं उतरून मोटारीला जाईल. न्यूट्रल उजवीतनं. करंट तोच, पण तिघींच्या अंगातनं जाणार." करंटभाऊनं वाढवलेला आकडाही तिनं मोटारीवरची पाटी वाचून होता तिथे आणला. "हा वाढवून ठेवला, तर खरंच भार येईल तेव्हा पेटी झोपलेली राहील."

फ्यूज लागले. हिरवं बटण आत बसलं. मोटार घुमली.

दोघी खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी पाचव्या वाफ्यात शिरलं, सातव्यात गेलं. बाराव्या वाफ्यातली रोपं भिजून माना सरळ करायला लागली, तेव्हा आत्याबाईंना कळलं, की लाकूड अजून आपल्या हातात आहे.

"कुठं शिकलीस ग हे?"

"बाबांच्या दुकानात. मोटारी उकलायच्या, नवी तार भरायची, जोडून द्यायच्या. आठवीपासून मीच जोडायची. बाबांना बारीक दिसत नाही."

"आणि आम्हाला वाटलं, तू तिथं नुसती गल्ल्यावर बसायचीस."

"तुम्ही विचारलंच नाही, आत्या."

आत्याबाईंना आता गावभर ओरडून यायचं होतं. सुनेनं हात धरला. "उद्यापर्यंत थांबा ना. भाऊजी काय म्हणतात ते तर ऐकू."

करंटभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी आला. रस्त्यावरूनच त्याला मोटारीचा आवाज ऐकू आला असावा, कारण चाल बदलली होती. मुलगा पुढे धावला. "भाऊ, कालपासून एकदाही बंद पडली नाही!"

करंटभाऊनं पेटीकडे लांबूनच पाहिलं. चालत्या पेटीचं झाकण कोण काढतो? "काल जाताना मी एक स्क्रू विशिष्ट पद्धतीनं आवळला होता," तो म्हणाला. "परिणाम व्हायला थोडा वेळ लागतो. बोललो नाही, म्हटलं बघू."

"धन्य आहे तुमची!" मुलानं हात जोडले. आणि वर आईला सांगितलं, "आई, भाऊंना चहा."

आत्याबाई आत गेल्या. चुलीवर आधण ठेवलं. कपबशी अशी आपटली, की कान तुटला. मग सुनेच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ती तार काढ."

"कुठली?"

"ती मधल्या जावेची. पाणी देऊन झालं की काढ. बघू उद्या ह्याचा स्क्रू काय करतो ते."

सून चमकली. आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की बाहेर मुलाला वाटलं, मांजर शिरलं घरात.

त्यानंतरचे तीन दिवस गाव अजून विसरलेलं नाही. सकाळी मुलगा मोटार सुरू करायचा, दहा मिनिटांत खट्. करंटभाऊला बोलावणं. तो यायचा, खोकायचा, झाकण काढायचा. आत त्याचीच जोडणी, जशीच्या तशी. दोन तास स्क्रू आवळायचा, सोडायचा, विशिष्ट पद्धतीनं आवळायचा. खट्. घामाघूम होऊन परत जायचा. दुपारी मुलगा खालच्या शेतात गेला, की सासू-सुना खोली झाडायला जायच्या. एवढीशी खोली, पण त्या दोघींनी ती इतकी झाडली नव्हती जन्मात. तासाभरात बाराही वाफे ओलेचिंब.

"करंटभाऊ गेले की चालते बघा," आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, तोंड अगदी भोळं करून. "आले की बसते. काय असेल ते असो."

झालं. गावानं निदान केलं, मोटार करंटभाऊला लाजते. न्हाव्याच्या दुकानात चर्चा, पारावर चर्चा. पलीकडच्या शेतातला एकजण करंटभाऊ रस्त्यानं दिसला की आपल्या पेटीवर गोणपाट टाकायला लागला. गिरणीवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "भाऊ, आत येऊ नका. बाहेरनंच सांगा कुठला स्क्रू, मी आवळतो."

चौथ्या दिवशी करंटभाऊ आला तो एकटा नव्हता. मागे सात-आठ माणसं, तमाशा बघायला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि दोन टेस्टरपैकी शोभेचा घरीच राहिला होता. तो खोकलाही नाही.

"आज निकाल लावतो," तो म्हणाला. "पेटीच नको. काढून टाकतो. सरळ बोर्डातनं मोटारीला तार. बघू आता कोण बंद पाडतं."

त्यानं पेटीतल्या तारा उपसायला सुरुवात केली. माणसं माना डोलवायला लागली. मुलगा म्हणाला, "होऊन जाऊ दे."

आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं होतं.

"नको, भाऊजी." या वेळी तिचा आवाज मागच्या माणसालाही ऐकू गेला. "सरळ तार नको. विहिरीत पाणी कमी आहे. पाइपात कचरा अडकला, मोटार अडली, तर बंद करणारं कुणी राहणार नाही. मोटार जळेल. आणि बटण नाही म्हणून ओल्या हातानं फ्यूज कोण ओढणार? आत्याच ओढणार."

करंटभाऊचे हात थांबले. तो पेटीत वाकून बघत होता. मधल्या वाटेच्या वरच्या स्क्रूवर त्यानं बोट ठेवलं, मग खालच्यावर. इतके दिवस कुणी वापरलेच नाहीत असे ते दोन स्क्रू. त्यांच्यावर गंज आणि धूळ हवी, तर या दोघांची डोकी लख्ख घासलेली, सात-आठ वेळा पेचकस फिरल्यासारखी.

करंटभाऊनं मान वर केली. आधी सुनेकडे बघितलं. मग आत्याबाईंकडे. आत्याबाई एकदम छताची जळमटं न्याहाळायला लागल्या.

माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगितलंय, आणि मूर्खही नव्हता. त्या घडीला तो ओरडू शकला असता. सगळ्यांसमोर सासू-सुनेची चोरी उघडी पाडू शकला असता. पण मग चार दिवस आपण काय ओळखलं नाही, हेही उघडं पडलं असतं. त्यानं पेचकस उलटा धरला आणि मूठ सुनेपुढे केली.

"वहिनी, तुम्ही लावा."

"ती?" मुलगा म्हणाला. "भाऊ, ती काय..."

"तू गप रे," करंटभाऊ म्हणाला. "तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हसलो आपण."

सुनेनं फ्यूज काढून पदरात बांधले. आठ माणसांच्या सोळा डोळ्यांसमोर तारा पुन्हा बसवल्या, वळसा घातला, आकडा जागेवर आणला. हात जराही थरथरला नाही. थरथरत होत्या त्या आत्याबाई, आणि तेही हसू दाबून. बटण दाबलं. माणसं पाव तास उभी राहिली, मग अर्धा तास. मोटार चालतच राहिली. बघण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर एकेकजण वाटेला लागला. तमाशा बघायला येऊन पाणी बघून गेले.

मुलगा तेवढा राहिला. बायकोपुढे येऊन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही हसलात."

त्यानं खोरं उचललं आणि वाफ्यांची दारं मोडून पाणी वळवायला गेला. त्या दिवशी त्यानं कुणी न सांगता बाराही वाफे भिजवले, आणि बायकोला उन्हात येऊ दिलं नाही.

जाताना करंटभाऊ आत्याबाईंजवळ थांबला. "आत्याबाई, किती वेळा काढली ती तार?"

"कुठली तार, बाबा?" आत्याबाई म्हणाल्या. "मला बाई विजेतलं काही कळत नाही."

करंटभाऊ इतका मोठ्यानं हसला, की रहाटावरचे कावळे उडाले.

रोपं वेळेवर उपटली. नऊच्या नऊ शेतांत गेली. लावणीची गडबड संपते न संपते, तोच एका सकाळी कुंपणापाशी गाडी थांबली. आत्याबाई बाहेर आल्या. करंटभाऊ होता.

"मुलगा नाही घरी," त्या म्हणाल्या.

"मुलाकडे काम नाही. वहिनी आहेत का?" तो पायरीशीच उभा राहिला. "गिरणीत छोटी मोटार बसवलीय. पेटी जुनीच, तीन फेजची. मी वळसा घातला, पण पेटी बसतेच आहे. काहीतरी उलटं होतंय माझं."

सून हात पुसत बाहेर आली. तिनं आत्याबाईंकडे बघितलं.

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "चूल मी बघते. पण गाडीवर नको, चालत जा. गावाला दिसू दे कोण कुणाच्या मागनं चाललंय ते."

तासाभरानं पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला स्वतः सांगायला आला. धाप लागली होती, पण त्याला दम निघत नव्हता.

"आत्याबाई, चालली! पहिल्या झटक्यात चालली! अहो, गिरणीत अंधार, काही दिसेना, तर करंटभाऊ बॅटरी धरून उभा. आणि तुमची सून आत डोकं घालून. त्याचा हात जरा हलला, की ही आतनं ओरडते, 'भाऊजी, नीट धरा!' आणि तो म्हणतो, 'हो वहिनी.'"

"मग?" आत्याबाईंनी विचारलं. "धरली का नीट?"

"तीनदा ओरडा खाल्ला," गिरणीवाला म्हणाला. "चौथ्यांदा धरली."